उलटी सायकल आणि उलटे काकासा

जगाकडे नीट पाहायचं असेल तर माणसानं रोज थोडा वेळ डोक्यावर उभं राहिलंच पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या जालन्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहत होता. घर मारवाडी जैनांचं, कापसाच्या व्यापाऱ्यांचं. कितीतरी पिढ्या इथंच वाढलेल्या, त्यामुळे मारवाडी ते देवाशी बोलत किंवा रागावल्यावर बोलत. एरवी आमच्यासारखंच बोलत. घरातले थोरले भाईसा, त्यांच्या पत्नी भाभीसा, आणि भाईसांचे धाकटे, बिनलग्नाचे भाऊ ते काकासा. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधून शिकून मी घरी परतले तेव्हा मला कोणाशीही बोलायचा संकोच वाटे. काकासांशी बोलताना तो वाटत नसे, कारण ते बहुधा उलटे असत. उलट्या माणसाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

पहाटे मी खिडकीत उभी राही. हिवाळ्याचं धुकं अंगणात उतरलेलं असे आणि त्यात काकासा आपली काळी सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करून साखळीला तेल घालत असत. मग तिच्याशेजारी सतरंजी टाकून स्वतः शीर्षासन करत. सायकलीचं मागचं चाक आपल्याच नादात फिरत राही आणि त्याच्या बाजूला काकासांचे दोन पाय आभाळात स्थिर उभे असत. अर्धवट झोपेत मला वाटे, दोघांनी मिळून रस्ता आभाळात नेऊन ठेवलाय आणि आता दोघंही तिथूनच निघतील. एकदा धीर करून विचारलं, तर खालून आवाज आला, "बाईसा, उलटं झालं की आभाळ पायाखाली येतं. मंग राजूर काय अन् परतूर काय, दिवसभर आभाळावरूनच चालून राह्यलो असं वाटतं."

कापूस पाहायला ते गावोगाव सायकलवरच जात. भाईसा मोटारीचं भाडं द्यायला तयार असत, पण काकासांचं म्हणणं, मोटारीत कापसाचा वास येत नाही. आणि सायकल चालवायची तर आसनं हवीतच. "सायकल पायानं चालत न्हाई, पोटानं चालती," ते म्हणत. "पोट ढिलं पडलं की सगळा बोजा कंबरेवर. सायकल माणसाला पुढं वाकवती, भुजंगासन मागं वाकवतं. हिसाब बराबर!" हे पटवायला ते पेढीच्या गादीवर, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नौकासन करत. हातपाय अधांतरी, मध्ये पोटाच्या जोरावर तोललेले काकासा, आणि तसेच भाव सांगत. त्यांचे पाय थरथरू लागले की समोरचा पाटीलच घाबरून म्हणे, "शेठ, तुमचंच खरं, पण पाय खाली घ्या!"

एकदा वडीगोद्रीच्या वाटेवर दमून ते लिंबाखाली शवासनात पडले. मागून बैलगाडी आली. गाडीवाल्यांनी पाहिलं, सायकल आडवी, माणूस आडवा, हलत नाही की बोलत नाही. हळहळत त्यांनी काकासांना उचलून गाडीत घातलं आणि सायकल मागे बांधली. गावात पोचेपर्यंत गाडीवाले काकासांच्या चांगुलपणाबद्दल बोलत होते आणि काकासा सगळं ऐकत होते. वेशीपाशी काकासा उठून बसले तेव्हा एक जण उडी मारून पळाला म्हणे. "डोळे का नाही उघडलेत?" मी विचारलं. "शवासन मधीच मोडायचं न्हाई. बिलकुल न्हाई," ते म्हणाले आणि जरा थांबून हळूच, "अन् इतकं चांगलं कोणी पुन्हा कधी बोललं असतं, बाईसा?"

पण त्या थंडीत त्यांची कंबर धरली. परतूरहून स्टेशनापर्यंत कशीबशी सायकल मारत, मग रेल्वेनं ते जालन्याला आले, आणि स्टेशनावरच्या दोन हमालांनी त्यांना सायकलवर बसवून ढकलत आणून दारात उतरवलं. भाईसांनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "आता बस. सायकल पेढीवरच्या मुनीमजींना देऊन टाकू." दुसऱ्या दिवशी अंगणात सायकल नुसतीच सरळ उभी होती. मला ती कोणाची तरी विधवा असल्यासारखी वाटली. शेवटी भाभीसांनी मधे पडून अट ठरवली. काकासांनी राजूरला जाऊन यायचं, गणपतीच्या देवळासमोरचे पेढे खूण म्हणून आणायचे, सूर्य मावळायच्या आत पाटावर बसून जेवायचं, आणि जेवून उठताना जमिनीला हात लावायचा नाही. हात लागला, तर सायकल मुनीमजींची. सूर्यास्तानंतर त्या घरात कोणी पाणीसुद्धा पीत नसे, त्यामुळे अट पाळण्यात सवलत मिळायचा प्रश्न नव्हता.

ठरल्या दिवशी काकासा उजाडताच गेले. दुपार कलली, मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भाभीसांबरोबर मेथी निवडत बसले. मुनीमजी ओट्यावर उगाच रेंगाळत होते. त्यांच्या खिशात सायकलची नवी घंटी होती, ती हलताना किणकिणे आणि ते खोकल्यासारखं करत. ऊन भिंतीवर तांबूस झालं तेव्हा काकासा आले, धुळीनं माखलेले, हातात पेढ्यांचा पुडा.

"इतका उशीर?" भाईसा गरजले.

"मुंग्या," काकासा म्हणाले.

झालं होतं असं. भाभीसा रोज त्यांना दोन बाटल्या भरून देत, एक साखळीच्या तेलाची आणि एक गुडघ्याला लावायच्या तिळाच्या तेलाची. गडबडीत बाटल्यांची अदलाबदल झाली. राजूरला साखळी तिळाच्या तेलानं न्हाली, सायकल झाडाखाली लावून काकासा देवळाकडे गेले, आणि परत येतात तर साखळीवर मुंग्यांची रांग. पायडल मारलं तर जीव चिरडणार. मग त्यांनी दुकानातून पीठ-साखर आणून झाडाच्या बुंध्याशी टाकली, आणि शेवटची मुंगी उतरेपर्यंत शेजारी पद्मासन घालून बसले. "आता त्यांना जल्दी करा म्हणू का?"

"आणि गुडघ्याला?" मी विचारलं.

"गुडघा काळा झालाय," ते खिन्नपणे म्हणाले.

पाट मांडला. ते बसले, तेव्हाच त्यांच्या कपाळावर घाम दिसला. चार घास झाले, पाणी प्याले, बाहेर ऊन गेलं. काकासा उठायला गेले आणि तसेच राहिले. पुन्हा पोटात श्वास ओढला. पाठ हलली नाही. त्यांचा उजवा हात जमिनीकडे निघाला, बोटभर वर थांबला. मी निवडलेली मेथी पुन्हा निवडू लागले.

तेवढ्यात भाईसा पुढे आले आणि त्यांच्यासमोर धपकन खाली बसले. "कंबरेला काय झालंय ते बघू दे," असं काहीतरी म्हणाले, आणि लगेच ओरडले, "अरे! पाय अडकला माझा! धर, धर मला, ऊठ जल्दी!"

काकासा ताडकन उठले. दोन्ही हात भाईसांकडे, जमिनीला बोटही नाही. भाईसांना दंडाला धरून त्यांनी उभं केलं आणि मग कुठं त्यांच्या लक्षात आलं की आपणही उभे आहोत.

"तुमचा पाय कधीपासून अडकतोय?" भाभीसांनी विचारलं.

"आत्तापासून," भाईसा म्हणाले आणि पेढीकडे निघून गेले. चालीत काही लंगडेपणा दिसला नाही. मुनीमजींनी खिशातली घंटी काढली, क्षणभर तळहातावर तोलली, आणि अंगणात जाऊन काकासांच्या सायकलीला लावून दिली.

आता काकासा दूर जात नाहीत. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या वळणापर्यंत जातात आणि परत येतात. पहाटे धुक्यात सायकल अजून उलटी होते, चाक अजून फिरतं. शीर्षासनात मात्र त्यांचे पाय आता हलतात, म्हणून भाईसा शेजारी उभे राहून ते धरतात. धरताना तोंड रस्त्याकडे करतात, जणू काही दूधवाल्याचीच वाट पाहताहेत. मी खिडकीत उभी असते आणि थंडी आत आली तरी खिडकी लावून घेत नाही. चाकाचा आवाज मंद होत होत थांबतो, आणि तरीही बराच वेळ भाईसा ते पाय सोडत नाहीत.