आवाज बंद ठेवलेला व्हिडिओ

नवजात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली गरम झालेल्या टॉवेलचा वास आला की मला आमच्या नवी मुंबईच्या हॉस्पिटलातली एक दुपार आठवते. जन्मताच न रडलेल्या बाळाला आम्ही नर्सनी श्वास कसा दिला, त्याचा व्हिडिओ नंतर सगळ्यांनी मिळून बघायचा, अशी पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पडद्यावर फक्त बाळ आणि आमचे हात दिसायचे. कुणाची घाबरगुंडी ऐकू येऊन तिला लाज वाटू नये म्हणून आवाज बंदच असायचा. त्या दिवशी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाळ नेमकं कधी रडलं ते ऐकू या, आवाज लावा." बाळाच्या तोंडावर श्वास द्यायचा मास्क नीट बसला होता, इवलीशी छाती वरखाली होत होती, आम्ही मनातून खूश होतो. पण व्हिडिओत मागून एक बाई सारखी विचारत होती, "बाय, माजं पोर रडत का नाय? कुनीतरी सांगा ना." करावे गावातली ती आई आमच्या पाठीमागेच बाळंतपणाच्या टेबलावर होती, आणि आमच्यापैकी कुणालाच ती तेव्हा ऐकू आली नव्हती. व्हिडिओत शेवटी बाळ रडलं. आता बाळाला वॉर्मरवर घेतलं की माझी जागा आईच्या उशाशी असते. "ताई, त्याला श्वास देतायत, मी सांगत राहते," असं मी म्हणते, आणि बाळ रडेपर्यंत ती माझा हात सोडत नाही.