टाकीवरचा मृत्यू

सास्तूरच्या बंडप्पांना चिकटवलेल्या कागदाचा भयंकर राग. नवी बादली घेतली की दुकानाच्या पायरीवर बसूनच ते तिचं लेबल खरवडायला लागतात. गावात पंख्याच्या पात्यावर, ताटाच्या बुडावर, लग्नात आलेल्या कुकरवर कागद वर्षानुवर्षं तसेच राहतात. वस्तू नवी आहे हे आल्यागेल्याला कळायला नको? बंडप्पा मात्र पाहुणे म्हणून गेले तरी यजमानाच्या फ्रिजवरच्या स्टिकरचा कोपरा नखानं उचलून बघतात. एकदा तर म्हणे व्याह्यांनी त्यांचा हात धरला होता.

त्यांच्या बायकोला, धुरपदाबाईंना, वाचायचा नाद. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हा साक्षरतेच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या. तेव्हापासून जे दिसेल ते मोठ्यानं वाचतात. एसटीचं तिकीट, साबणाचा कागद, खताची पिशवी. आणि लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार, यात त्यांना शंका नाही.

अशा या जोडप्याच्या दारात काल धाराशिवहून नवी मोटरसायकल आली.

आली ती एका कामासाठी. लेक शिवलीला लोहाऱ्याला दिलेली, तिला सातवा महिना. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण. आजवर प्रत्येक कार्याला ही दोघं दुसऱ्याच्या जीपमध्ये भांड्यांच्या मधोमध बसून गेली. जीपवाला म्हणेल तेव्हा निघायचं, म्हणेल तेव्हा उठायचं. शिवलीलाच्या लग्नात तर लेक गळ्यात पडून रडत होती आणि बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. तो हॉर्न बंडप्पांच्या कानातून गेलाच नाही. यावेळी धुरपदाबाईंना स्वतःच्या गाडीवर मागं बसवून न्यायचं, आणि मायलेकींचं बोलणं संपल्यावरच परत आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

धुरपदाबाईंनी ओवाळलं. टाकीवर इबुतीचे, म्हणजे भस्माचे, तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं. मग चष्मा चढवून टाकीवर चिकटवलेला कागद वाचायला घेतला. आणि घोटाळा झाला.

"साव-धान. हेल्मेट घाला. वेग म-र्यादेत ठेवा. नाहीतर गंभीर दुखा-पत किंवा..." त्या थांबल्या. दोन पावलं मागं सरल्या. "अवं, ह्याच्यावर मृत्यू लिवलंय."

"कंपनीनं लिवलंय. सगळ्यांच्याच गाडीवर लिवतेत."

"आपण कंपनीचं काय वाईट केलं हुतं?"

"धुरपदे, नुसता कागद हाय. काढतो."

"हात लावू नका! इबूत लावलीय त्याच्यावर."

"मग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ कसं द्यायचं? पोटुशी लेकीच्या दारात मृत्यू लिवलेली गाडी नेऊन लावू? तुमी जावा गाडीवर. म्या येते एसटीनं."

बंडप्पांनी कपाळाला हात लावला. "काढू बी द्यायचं न्हाय, ठेवू बी द्यायचं न्हाय. मग करू काय, गाडी डोक्यावर घेऊन जाऊ?"

इतक्यात शेजारचे धुळाप्पा आले. कुणाकडं काही नवं आलं की हे सल्ला घेऊन हजर. "आण्णा, ते काढू नका बरं का. वॉरंटी जाती."

"कागदाची?"

"गाडीची! विचारा पाहिजे तर शोरूमला."

विचारलं. फोनवर एक मुलगी होती. "सर, ते कंपनीकडूनच असतं. राहू द्या ना."

"मला काय सांगतीस बाई, हिला सांग," म्हणत बंडप्पांनी फोन बायकोपुढं धरला.

"काय गं, तुझ्या गाडीवर बी हाय का असलं?"

"हो मावशी, सगळ्याच गाड्यांवर असतं."

"अन् तू बसतीस?"

"रोज बसते."

"लगीन झालंय?"

"नाही अजून."

"मग तुला काय कळणार!" धुरपदाबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"इंग्रजीत असतं ना," बंडप्पा दातओठ खात म्हणाले, "तर कुणाच्या बापाला कळलं नसतं!"

शेवटी धुरपदाबाईंनीच तोड काढली. ओल्या फडक्यानं इबूत हळूच टिपून घेतली आणि ते फडकं नेऊन बेलाच्या बुडाशी पिळलं. "आता काढा."

बंडप्पांनी बाह्या सरसावल्या. आयुष्यभर याच कामाचा सराव! पण ह्या कागदाचा स्वभाव वेगळा होता. कोपरा उचलला की कोपराच तुटून हातात येई. नखात पांढरा चुरा, टाकीवर चिकट. खोबरेल झालं, गरम पाणी झालं. ब्लेड आणलं, तर धुळाप्पा ओरडले, "रंग जाईल!"

"मग तुमी सांगा."

"गाडी चालू करून ठेवा जरा. तापली की गोंद सुटतोय."

गाडी चालू करून ठेवली. मधल्या वेळात धुरपदाबाई गाडीभोवती फिरून उरलेले कागद शोधत होत्या आणि बंडप्पा त्यांच्या मागं मागं ते ओढत होते.

"हितं हाय बघा. 'साडी, ओढणी चा-कापासून दूर ठेवा.'"

"काढलं."

"ह्याच्या खाली अजून एक हाय. 'सायलेन्सर गरम अस...'"

"आयायायाय!"

बंडप्पा हात झटकत उभे राहिले. गाडी तापली होती. गोंद सुटायच्या आधी बोटं भाजली होती.

"वाचत हुते की म्या," धुरपदाबाई म्हणाल्या.

"पुरं वाचून व्हायच्या आत भाजलं!"

"म्या भरभर वाचायला पायजे हुतं का तुमी दमानं हात घालायला पायजे हुता?"

धुळाप्पांना घरचं काहीतरी काम आठवलं आणि ते गेले.

बोटांना टूथपेस्ट लावून बंडप्पा पुन्हा टाकीशी आले. तासाभराच्या झटापटीत वरच्या ओळी गेल्या होत्या. सावधान गेलं, हेल्मेट गेलं, वेग गेला. तळाची ओळ मात्र जशीच्या तशी, तेल लागून उलट चकाकत होती.

मृत्यू होऊ शकतो.

धुरपदाबाईंनी चष्मा सावरून ती ओळ पुन्हा वाचली.  बंडप्पा बहुतेक एसटीची वेळ मनात मोजत असावेत.

"काय केलं हो हे तुमी?" त्या हळू म्हणाल्या. "आधी म्हणत हुतं, हेल्मेट न्हाय घातलं तर. आता काय बी करा, मृत्यूच. तर-बिर सगळं तुमी काढून टाकलं, अन् नेमकं हेच ठेवलं."

बंडप्पांनी नखातला चुरा उकरायला घेतला. 

"ते हेल्मेट कुठाय? शोरूमवाल्यानं दिलं न्हाय?"

"दोन दिलेत. खुंटीला हायेत."

"खुंटीला कशाला?"

"आता लोहाऱ्यापर्यंत डोक्यात बादली घालून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक मागं बसणार हायेत का म्या?"

बंडप्पा घरात गेले, दोन्ही हेल्मेट घेऊन आले आणि ती धाडकन सीटवर ठेवली. "घालतो! जाऊन येऊस्तोवर काढत न्हाय. जेवायला बसलो तरी काढत न्हाय. झालं?"

"जेवताना काढा," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांनी इबुतीची वडी ओली केली आणि त्या उरलेल्या ओळीवरून पुन्हा तीन पट्टे ओढले. चिकटावर इबूत अशी घट्ट बसली की खालचं अक्षर दिसेना. "आता पुसायचं न्हाय."

"ब्लेड फेकलं मी," बंडप्पा म्हणाले.

आज सकाळी दोघं निघाली. धुरपदाबाईंनी डोईवरच्या पदरावरून हेल्मेट घातलं होतं, मांडीवर ओटीची पिशवी, साडीचा घोळ चाकापासून लांब मुठीत धरलेला. बंडप्पांच्या हेल्मेटच्या काचेवर, बरोबर उजव्या डोळ्यासमोर, एक गोल कागद चिकटलेला होता. कोपरा सुटलेला. त्यांचा हात तिकडं गेला, आणि निम्म्यातून मागं आला. मान थोडी डावीकडं वाकडी करून त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

गाव मागं पडेपर्यंत आवाज ऐकू येत होता.

"'पुढे वळण आहे.' दमानं घ्या. 'वाहने सावकाश...'"

"दिसतंय गं मला!"

"एकाच डोळ्यानं दिसतंय. म्या वाचते."