आबांची घंटा

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, तेव्हा थोरल्या भावानं विकलेल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा त्यांच्या कॉटच्या वर आढ्याला टांगली आणि दोरी त्यांच्या धड हातात दिली. काही लागलं तर ओढायची. आबा दोन वर्षं ओढत होते. 'मालिका संपू दे, मग बघू,' असं घरात ठरलेलं. रविवारी मटण शिजलं, पांढऱ्या रश्श्याचा वास मागच्या खोलीत गेला, की घंटा थांबायचीच नाही. आबांपुढं मात्र पेज जायची, तीही गार.

आबांना जाऊन आता वर्ष होत आलं. खिडकीतून वारा आला की दोरी हलते, घंटा वाजते आणि अख्ख्या घराला उधाण येतं.

"आबा चेष्टा करायल्यात बघा!" म्हणत भाऊ रिमोट टाकून धावतो. दोन वर्षांत हा माणूस एकदाही धावला नव्हता. वहिनी वाटीभर पांढरा रस्सा कॉटखाली ठेवते. मांजर वाटी चाटून जातं आणि ही दोघं कौतुकानं सांगत सुटतात, "एक थेंब न्हाय ठेवला आबांनी!" परवा गडहिंग्लजहून वहिनीच्या माहेरची माणसं आली होती. चहाच्या आधी त्यांना घंटा दाखवली. "थांबा की पावणं, वाजंल आता." तेही तोंड वासून थांबले. जिवंतपणी ज्याला पाण्याला महाग केलं, त्याच्या दोरीची ही आरती! मला या लोकांची शिसारी येते.

शेवटी काल दुपारी मी स्टूल घेतलं आणि घंटा सोडायला चढलो. वहिनी दारात आली.

"ऱ्हाऊ द्या की भावजी. तुमाला कसला तरास हाय तिचा?" ती सरळ मनानं विचारत होती. "आबा हुतं तवा तर तुमची खोली भिंतीपल्याड. तरी तुमाला कवा ऐकू आली न्हाय."

ऐकू येत होती. रोज येत होती. मी दाराला कडी लावून घ्यायचो.

मी गाठ ओढली आणि घंटा वाजली. बाहेरच्या खोलीतून भाऊ हसत ओरडला, "आलो, आबा, आलो!"