भाटव्यांचं अर्धं वाक्य

लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून जोडणं हा माझा धंदा. बालाघाट, लालबर्रा, लांजीचे फोटोवाले वरातीपासून बिदाईपर्यंतचं सगळं एका डिस्कमध्ये कोंबून माझ्याकडे आणून टाकतात, आणि मी घराच्या वरच्या खोलीत बसून त्यातली धक्काबुक्की काढतो, नवरीचा चेहरा उजळतो, डीजेचा आवाज दाबतो. पण त्या दिवशी कॉम्प्युटरवर लग्नाचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लांजीच्या विहारात माझ्या भाटव्यांचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे मरणानंतरचा वंदनेचा कार्यक्रम होता, आणि तिथं दाखवायची छोटी फिल्म माझ्याकडे अडकली होती.

या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. पाहुण्यांनी भरलेलं घर सोडून ती पहिल्या बसनं बालाघाटला आली, फिल्म स्वतःच्या हातानं न्यायला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईमाणसानं असं निघून येणं नातेवाइकांना खटकलं असणारच. तिनं पर्वा केली नाही. भाटवे शेवटची दोन वर्षं लकव्यानं खाटेवर पडून होते, तोंडातून शब्द निघत नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच तोंड पाहून गेला होता.

"लोकायच्या डोक्यात आता खाटेवरचाच मानूस हाय," फोनवर ती मला म्हणाली होती. "मले त्यायले बोलताना दाखवाचं हाय."

बोलणारे भाटवे माझ्याकडे होते. नात्यातल्या कितीतरी लग्नांचे व्हिडिओ मीच जोडलेले, आणि भाटवे म्हणजे प्रत्येक लग्नात पंगतीला वाढणारा माणूस. कुठं वरणाची बादली घेऊन, कुठं वरातीत नाचताना, असे ते कोपऱ्याकोपऱ्यात सापडत गेले. त्यात एक तुकडा अस्सल होता. मांडवाच्या अंधाऱ्या बाजूला उभे राहून ते कॅमेऱ्याकडे बघत बोलतात, पण मागं बँड इतका वाजतोय की मुळात एक अक्षर कळत नाही. मी तो आवाज गाळून गाळून साफ केला, अंधार उजळला, आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं ग्राफिक्स कार्ड बसलं.

हे कार्ड पडद्यावर चित्र उमटवतं. माझ्या कॉम्प्युटरला त्याच्याशिवाय नुसता काळा पडदा. कार्ड मेलं नव्हतं, त्याला गार ठेवायला डोक्यावर बसवलेल्या कूलरचे पंखे मेले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला राइस मिल आहे आणि तिचा भुसा अंगणापासून देवळीपर्यंत सगळीकडे बसतो, तो पंख्यांना का सोडेल? गोंदियाच्या एका दुकानदाराकडे त्याच जातीच्या बिघडलेल्या कार्डाचा चांगला कूलर निघाला. त्यानं तो टॉवेलात गुंडाळून बस ड्रायव्हरच्या हाती दिला, मी स्टँडवर जाऊन घेतला, आणि बाई यायच्या आधीच बसवूनही टाकला. शहाणा मी. घाईत घाई अन् विंचू डसला गं बाई.

बाई आली, पाणी प्यायली आणि माझ्या मागच्या खुर्चीवर बसली. मी फिल्म चालू केली. वरात झाली, वरणाची बादली झाली, बाई पदर सावरत हसलीसुद्धा. मग तो अंधारातला तुकडा आला. भाटवे मान पुढं काढून म्हणाले, "आयका रे पोट्टेहो, माह्या घरवालीले..." आणि त्यांच्या तोंडावर हिरवे-जांभळे चौकोन पसरले. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग पडदा काळा झाला.

मी म्हटलं, होते कधी कधी, नवीन बसवलं ना. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच, त्याच शब्दावर, तसंच उघडं तोंड. सगळ्यात जास्त काम मी त्याच तुकड्यावर केलं होतं, त्यामुळं कार्डाला सगळ्यात जास्त कष्ट तिथंच पडत होते. हे मला कळत होतं, बाईला कसं सांगू?

"पुढं काय म्हणते ते?" तिनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. "नको सांगू. त्यायच्याच तोंडून आयकीन."

मी आधी कार्डाला वीज देणारी केबल काढून पुन्हा दाबली. मग सॉफ्टवेअर उडवून नव्यानं टाकलं. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले असतील म्हणून सगळे ढिले करून फुलीच्या क्रमानं थोडे थोडे आवळले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता गेलं घोडं पुढं, आणि प्रत्येक वेळी ते त्याच ठिकाणी अडायचं. मला सगळ्यात जास्त राग येत होता तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याचा. कार्डाचं तापमान दाखवणारा तो आकडा एकदम शहाण्या पोरासारखा शांत होता. कार्ड तापलंच नाही म्हणे. मग मरतं काहून रे बाबा?

गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला तर त्यानं कूलर एकदम चोख होता अशी शपथ घेतली. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ठेवून जा, सोमवारी पाहू. लालबर्राच्या मित्राकडे माझ्यासारखंच मशीन आहे, पण तो कॅमेरा घेऊन लग्नात गेलेला आणि खोलीची किल्ली त्याच्या खिशात. बायकोनं खालून दोनदा हाक मारली, मी तिच्यावर खेकसलो. तिची काही चूक नव्हती.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. लांजीची शेवटची बस गाठायची तर आता फार वेळ नव्हता. मी पुन्हा एकदा फिल्म चालवली. वरात, बादली, अंधार, "माह्या घरवालीले..." आणि चौकोन.

"बंद कर," बाई म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती.

"असंच झालतं लकवा आला त्या दिवशी. मले काही सांगून राह्यले होते, अन् तोंडातल्या तोंडात राह्यलं. असंच उघडं तोंड. मी इचारत राह्यली, काय म्हनता, काय म्हनता. तू आता किती खेपा दाखवशीन मले ते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून मी कार्ड दुरुस्त करत होतो आणि माझ्या पाठीमागं ती तो दिवस पुन्हा पुन्हा पाहत होती. मी तिला खाली जाऊन पड म्हटलं. ती उठली नाही, फक्त पडद्याकडून तोंड फिरवून खिडकीकडे बसली.

कॉम्प्युटरचा पत्रा उघडाच होता. रागात मी कार्ड उपटायला हात घातला आणि बोटांना चांगलाच चटका बसला. कार्डाची मागची बाजू तव्यासारखी तापली होती. मी कूलरवर हात ठेवून पाहिला तर तो जेमतेम कोमट. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यातला आकडा कार्डाच्या मधल्या मोठ्या चिपचा होता, आणि ती खरंच थंड होती. पण तिच्या भोवती मेमरीच्या छोट्या छोट्या चिपा असतात, त्यांचा ताप कुणी मोजतच नव्हतं. त्यांची उष्णता कूलरपर्यंत पोचावी म्हणून मध्ये रबरासारख्या मऊ पट्ट्या ठेवतात, आणि त्या पट्ट्या तर मीच नव्या कापून लावल्या होत्या.

स्क्रू काढले, कूलर उचलला आणि कार्ड खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. प्रत्येक पट्टीवर काहीतरी चकाकत होतं. प्लास्टिक. नव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक पापुद्रा असतो. खालचा मी काढला होता, नाहीतर ती चिकटलीच नसती. वरचा तसाच.

विसरलो म्हणावं तर तेही खरं नाही. हात तिकडे गेलाच नव्हता. आमच्या वस्तीत नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायची रीतच नाही. फ्रिज आला तर त्याच्या दारावरचं राहतं, टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो, मोटरसायकलची सीट कंपनीच्या कव्हरात फाटेस्तोवर चालते. भुसा बसेल ना. प्लास्टिक काढणारा आमच्याकडे उधळ्या समजला जातो. त्याच हातांनी मी मेमरीच्या चिपांना भुशापासून वाचवलं होतं आणि आतल्या आत शिजवलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तोही सकाळपासून.

तापून पापुद्रे आकसले होते. नखानं एकेक सोलला. अगदी जपून, कारण एखादी पट्टी फाटली असती तर दुसरी नव्हती. मधल्या चिपेवरची, उष्णता कूलरला पोचवणारी जुनी पेस्ट पुसून नळीत उरलेली लावली, कूलर बसवला, स्क्रू आवळले. बटण दाबताना मी बाईला सांगितलंही नाही. पुन्हा तेच तोंड तिला दाखवायची माझी हिंमत नव्हती.

वरात गेली. बादली गेली. आवाज ऐकून बाईनं मान वळवली नाही, पण तिची पाठ ताठ झाली. अंधार आला. भाटव्यांनी मान पुढं काढली.

"आयका रे पोट्टेहो, माह्या घरवालीले पयले वाढा. सकाळपासून राबून राह्यली, पोटात काही नाई. अन् मागनार नाई ती."

मग ते बादली उचलून पंगतीकडे निघून गेले. चौकोन आले नाहीत. फिल्म पुढं चालत राहिली, शेवटचा फोटो आला आणि थांबली.

बाई कधी वळली मला कळलं नाही. ती पडद्यावरच्या फोटोकडे पाहत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. भाटवे गेले त्या दिवशीसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. मी मान खाली घालून फिल्मची फाइल तयार व्हायला लावली आणि पडद्यावरची रेघ भरत जाताना पाहत बसलो.

"इतके वर्स नांदली त्यायच्या घरात," ती म्हणाली. "मले वाटे, त्यायले दिसतच नाई."