ओठ वाचणारा पहारेकरी

सत्तरच्या दशकात आम्हा तिघा सोलापूरकरांना कापडगिरणीनं मागांचं काम शिकायला मँचेस्टरला धाडलं होतं. एकदा हौसेनं रॉक गाण्यांच्या जंगी कार्यक्रमाला गेलो. हजारो पोरंपोरी किंचाळत होती. गायकाचं एक अक्षर कळेना.

"आरं, ह्याच्या पोटात दुखतंय का काय?" मित्र माझ्या कानात ओरडला.

शेजारी कठड्याला टेकून एक म्हातारा पहारेकरी निवांत सँडविच खात होता.

"आवाजाचा त्रास नाही होत?" मी विचारलं.

माझ्या ओठांकडे बघून तो म्हणाला, "चाळीस वर्षं मागावर होतो. त्या खडखडाटात कान गेले. आता ओठ वाचतो."

"मग हा काय गातोय, सांगा की!"

डोळे बारीक करून त्यानं गायकाकडे पाहिलं आणि तो खो खो हसला.

"गातोय कुठला? ढोलवाल्याला आईवरून शिव्या घालतोय."

समोरची पोरगी त्या शिव्यांवर डोळे मिटून, हात जोडून रडत होती. आम्ही हसून हसून लोळायचंच बाकी होतं.

माझे वडीलही मागावरच बहिरे झालेले. त्यांच्यासमोर बसून आम्ही भावंडं त्यांच्याबद्दल खुशाल वाट्टेल ते बोलायचो. वडील आमच्या तोंडाकडे बघत नुसते हसायचे.

परतताना बसमध्ये बाकीचे दोघे अजून हसत होते; मी मात्र वडिलांसमोर काय काय बोललो होतो, ते एकेक आठवत होतो.