समुद्रातला ऊस

पाथर्डीकडच्या आमच्या गावातून दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडायचं. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हंगामात आमची टोळी श्रीरामपूरच्या बाजूला उतरली होती. मी, माझे मालक आणि आमची नुकतीच चालती झालेली मुलगी.

एका दुपारी कारखान्याचे साहेब पाहुण्याला घेऊन फडात आले. पाहुणा रंगानं आमच्यासारखाच, पण पायांत पांढरे बूट. त्यानं मालकांच्या हातातला कोयता मागून घेतला, एक ऊस बुडातून तोडला आणि शब्द शोधत मराठीत म्हणाला, "माझा पणजा हेच काम करी."

तो मॉरिशसचा होता. हिंदी महासागरातलं, आफ्रिकेच्या अंगाचं एवढंसं बेट. नुकताच स्वतंत्र झालेला देश. पाहुणा वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या भाऱ्यावर बसला आणि आम्ही हातातलं काम सोडून त्याच्याभोवती जमलो. सकाळी मोटारीनं निघालं तर दुपारपर्यंत देश संपतो म्हणाला. जिकडे तिकडे ऊस, आणि ऊस संपला की समुद्र. जमीन ज्वालामुखीची, काळ्या दगडांनी भरलेली. कोकणातून, बिहारातून, मद्रासकडून इंग्रजांनी मजुरीला नेलेल्या माणसांनी ते दगड हातांनी वेचले. त्यांचे घराएवढे ढीग अजून उसात उभे आहेत. तिथे एक जाडजूड, न उडणारा पक्षी होता, जगात दुसरीकडे कुठेच नाही. जहाजं आली आणि तो संपला. लोक घरात फ्रेंचसारखी भाषा बोलतात, पण मराठी घरांत गणपती बसतो.

मालकांनी विचारलं, "आन् पाऊस?"

"डोंगरावर तर रोजच म्हणा."

"मग आमाला न्या की, सायेब. दोगं बी तोडतो आमी."

पाहुणा हसला नाही. "आता माणसं नेत नाहीत. आमचीच मुलं काम नाही म्हणून विलायतेला जातात."

मालकांनी यातलं काय ऐकलं कोण जाणे. त्या दिवसापासून ते बेट त्यांच्या डोक्यात बसलं.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, बैल गेले, आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलो. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि मुलांना सरकारी खाऊ, सुकडी. हातोडा थांबला की मालक मॉरिशसच्या गोष्टी सांगायचे. बाया हसायच्या, "आले बघा मॉरिशसवाले!" मग त्याच हळूच विचारायच्या, "भावजी, तितं पानी गोडं का हो?"

उन्हाळ्यात मुलीला गोवर निघाला. दवाखान्यात नेईपर्यंत ती माझ्या मांडीवरच गेली. मालक रडले नाहीत. पंधरा दिवसांनी मला म्हणाले, "मी म्हमईला जातो. जहाज कुटून सुटतं त्ये बगतो."

"अवो, त्यो पाव्हना न्हाई म्हनला हुता ना?"

"त्यो त्याचं त्याचं बोलला."

मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

महिन्याभरानं ते परत आले. गाल बसलेले, सदरा फाटलेला. गोदीच्या दारात शिपायानं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं: मजूर भरून न्यायचे ते दिवस आज्या-पणज्यांच्या काळातच संपले, आता पासपोर्ट लागतो, तिथल्या सरकारचा होकार लागतो. मग मालक म्हणाले, "समिंदर पायला मी. त्येच्या पलीकडं कायबी दिसत न्हाई."

त्यानंतर त्यांनी कुणालाच मॉरिशसचं काही सांगितलं नाही. बाया विचारायच्या, तर ते हातोडा उचलायचे.

मग पाऊस झाला, ऊस उभा राहिला आणि आम्ही पुन्हा ट्रकमध्ये बसलो. आता आम्ही दोघंच. त्या हंगामात त्यांना ताप भरला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, "कशाला?" उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत ते निजून राहिले आणि चार दिवसांत संपले.

हंगाम अजून बाकी होता, त्यामुळे टोळीला थांबणं भाग होतं. टोळीच्या मुकादमानं मला एसटीत बसवून दिलं. गावी उतरले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं अजून उसातच होती.