बाळंतिणीच्या आईला

फांगकाकूंच्या शेताखाली तळं आहे आणि तळ्याच्या बांधात एक बीळ. बिळातल्या बाईला जग चिनी ॲलिगेटर म्हणतं, आम्ही चीनच्या आन्हुई प्रांतातली माणसं मातीचा ड्रॅगन. लहानखुरी मगर, माणसाच्या वाटेला जात नाही, निम्मं वर्ष बिळात झोपून काढते. उघड्या तळ्यांत आता अशा फार थोड्या उरल्यात. आमचे हे, छंग युंगफा, तिला बदकचोर म्हणतात. आमची बदकं तिनेच खाल्ली, तेव्हा यात त्यांचं काही चुकत नाही.

काकू एकट्या. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. लावणीच्या दिवसांत मगर घुमायला लागली की काकू रोपं उपटायला घ्यायच्या, आणि पाऊस यायचाच. "मला कधी फसवलं नाही असं कुणी असेल, तर ती," असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी मगरीने काठावर गवत-पाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घातली आणि नेमका पाऊस दडी मारून बसला. एकेकाच्या पाळीने पंप लागला, तळं खाली खाली जात राहिलं. शेवटची पाळी काकूंची होती.

"वहिनी, लावू का पंप?" ह्यांनी काकूंना विचारलं.

"नको. माझं पाणी तळ्यातच राहू दे."

"अहो, भात करपेल!"

"आणि तळं आटलं तर ती निघून जाईल. पिल्लं आतून ओरडायला लागली की ढीग कोण उकरणार? तू?"

"वा! आमची बदकं तिला, तुमचं भातही तिलाच!"

"युंगफा, इतकी वर्षं तिच्या हाकेवर पिकवलं. एक साल तिचं."

काकूंचं भात उभ्याउभ्या वाळलं. मला तर त्यांचा रागच आला होता. एवढा कसला मेला हट्ट!

उन्हाळा जरा ओसरल्यावर एका सकाळी काकू धापा टाकत आमच्या दारात आल्या. "चला, चला, बोलताहेत!" आम्ही दोघं धावलो. ढिगातून बारीक चिवचिव येत होती. उरल्यासुरल्या पाण्यातून मगर वर आली, पुढच्या पायांनी पाचोळा ओढू लागली. काळी, पिवळ्या पट्ट्यांची पिल्लं बाहेर पडली. तिने त्यांना तोंडात धरून पाण्यात नेलं, इतकं हळूच, की ह्यांनाही बदकांची आठवण झाली नाही. काकू हात जोडून नुसत्या "बरं झालं गं, बरं झालं" म्हणत होत्या.

आमच्याकडे मूल महिन्याचं झालं की लाल रंगवलेली अंडी वाटतात. महिन्याने काकू खरंच टोपलीभर लाल अंडी घेऊन घरोघर फिरल्या. लोक हसले, पण अंडं कुणी नाकारलं नाही.

अंडं घेतलं की बाळंतिणीला भेट न्यावी लागते. ह्यांनी खांद्यावर कावड घेतली, मी मागोमाग. काकूंच्या अंगणात कावडीच्या एका टोपलीतून ह्यांनी गुबगुबीत बदक काढलं.

"हे बाळंतिणीला. नाहीतरी चोरणारच आहे."

दुसरी टोपली तांदळाने शिगोशीग भरलेली होती.

"आणि हे रे कुणाला?" काकूंनी विचारलं.

"बाळंतिणीच्या आईला."

वाळलेल्या शेतासाठी डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या काकू उंबऱ्यावर बसून रडल्या. जन्मात त्यांना कुणी आई म्हटलं नव्हतं.